आमच्या घरचा जाहिरातींचा इतिहासकार

दुपारची भांडी झाली असतील. कुणी पाठ टेकली असेल, कुणी तांदूळ निवडत ऐकत असेल. मागच्या महिन्यात आपल्या रेडिओवर गटाच्या मालाची जाहिरात कशी करावी यावर बोलणं झालं. तेव्हा मी सहज म्हणून गेले, की जाहिरातीतलं सगळ्यात जास्त आमच्या थोरल्याला कळतं. झालं, रेडिओवरच्या ताईंनी मला तिथंच धरलं. म्हणाल्या, "मग काकू, एक भाषण त्यावरच द्या." म्हणून आज इथं बसले आहे.

आमचा थोरला चोवीस वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात. हा ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. जन्मापासूनच त्याच्या मेंदूची घडण आपल्यापेक्षा वेगळी आहे. तो बोलतो, पण थोडं आणि ठरलेलं. मोठा आवाज त्याला सोसत नाही. रोजच्या क्रमात बदल झाला की तो बेचैन होतो. आणि एखादी गोष्ट आवडली, की ती मुळापासून शेंड्यापर्यंत त्याला माहीत हवी. त्याला आवडतात टीव्हीवरच्या जाहिराती. आपण मालिका बघतो आणि जाहिरात लागली की दूध तापवायला उठतो. तो जाहिरात बघतो आणि मालिका लागली की उठतो. त्याचं नाव मी इथं सांगणार नाही. काल हे सगळं त्याला वाचून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "नाव नको. वर्षं सगळी सांग." तर आज वर्षं सगळी सांगते.

त्याच्याकडे दोनशे पानी तीन वह्या आहेत. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले रकाने. माल कोणता, वर्ष कोणतं, किती सेकंद, बोलणं आहे की नाही. शेवटच्या रकान्यात फक्त दोनच शेरे असतात, 'गोष्ट आहे' किंवा 'ओरडणं आहे'. गोष्ट असलेली जाहिरात तो शंभरदा बघेल. ओरडणं असलं की कानांवर हात ठेवून बाहेर ओट्यावर जातो.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, १ जुलै १९४१, न्यूयॉर्क. अमेरिकेत त्या दिवशी बेसबॉलचा सामना टीव्हीवर दाखवायचा होता. त्याच्या आधी काही सेकंद पडद्यावर एक घड्याळ दिसलं आणि त्या घड्याळाच्या कंपनीचं, बुलोव्हाचं, नाव. टीव्हीवरची ही पहिली रीतसर जाहिरात धरतात. खर्च सांगतात नऊ डॉलर. दुसरी नोंद इंग्लंडची आहे, २२ सप्टेंबर १९५५. तिथं पहिली जाहिरात दातांच्या पेस्टची होती, आणि ती ट्यूब ठेवली होती बर्फाच्या लादीत. म्हणजे पेस्ट किती गारेगार ते सांगायचं, पण बर्फ दाखवून. माझ्या लेकाचा शेरा, 'गोष्ट आहे, छोटी'.

आता आपल्याकडचं. आपल्या घराघरात जाहिरात आधी कानातून आली. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती वाजायला लागल्या, आणि त्या सुरू झाल्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातूनच. माझ्या आईच्या पिढीला आठवत असेल, गाणं संपलं की दंतमंजन नाहीतर साबण यायचा, आणि मुलांना गाण्याआधी ती जाहिरातच पाठ व्हायची.

टीव्ही दिल्लीत आला १५ सप्टेंबर १९५९ ला, तोही प्रयोग म्हणून, आठवड्यातून थोडा वेळ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. टीव्हीवर जाहिराती मात्र १ जानेवारी १९७६ पासून. तोवर आमची माती आमची माणसं म्हणा, बातम्या म्हणा, सगळं मध्ये न थांबता चालायचं. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि त्याच वर्षी टीव्ही रंगीत झाला. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' ही मालिका सुरू झाली, आणि तिच्यामागे पैसा होता दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयांचा, मॅगीचा. मालिकेचा खर्च मालवाल्यानं करायचा आणि बदल्यात घरातल्या बाईपर्यंत पोचायचं, हा व्यवहार तेव्हापासून रुळला. मैत्रिणींनो, आपण मालिका फुकट बघतो असं वाटतं ना? त्याचे पैसे आपण किराणा दुकानात देत असतो. साबणाच्या वडीत, तेलाच्या पिशवीत तो खर्च धरलेला असतो.

ह्या जाहिराती बोलत होत्या कुणाशी? बहुतेक आपल्याशीच. दोन पावडरींची गोष्ट सांगते. अहमदाबादचे करसनभाई पटेल सरकारी नोकरीत होते. १९६९ च्या सुमारास घराच्या मागच्या अंगणात ते कपडे धुण्याची पावडर बनवायला लागले आणि सायकलवरून दारोदार विकायला लागले. मोठ्या कंपनीची पावडर किलोला तेरा रुपयांच्या आसपास होती, यांची तीन-साडेतीन रुपयांना. नाव ठेवलं निरमा, त्यांच्या मुलीच्या निरुपमा या नावावरून. ती मुलगी पुढं अपघातात गेली. पुड्यावर गिरकी घेणारी पांढऱ्या फ्रॉकमधली पोर तिच्या आठवणीची आहे. ते गाणं म्हणून दाखवायची गरज नाही. इथं माईकसमोर मी नुसतं नाव घेतलं आणि तुमच्या डोक्यात ते सुरू झालं असेल.

स्वस्त पावडरीनं बाजार ओढला, तेव्हा सर्फ कंपनीपुढं प्रश्न आला. आपला माल महाग, तो बाईनं का घ्यावा? मुंबईचे जाहिरातकार आणि नाटकवाले अलीक पदमसी यांनी उत्तर म्हणून एक बाई उभी केली, ललिताजी. साधी साडी, करडा आवाज, बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करणारी. ती सांगते की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यात फरक असतो, महाग पावडर थोडी लागते म्हणून शेवटी तीच परवडते. पदमसींनी पुढं सांगितलं होतं की ही बाई त्यांना आपल्या आईवरून सुचली. घरात पैसा असून आई भाजीला घासाघीस करायची. त्याआधीच्या जाहिरातीत बाई असायची ती लाजणारी नाहीतर नटलेली. ललिताजी हिशेब करणारी होती. ते काम करणाऱ्या कविता चौधरी यांनी १९८९ साली 'उडान' ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात पोलीस अधिकारीही झाल्या. त्यांची बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य खरोखरच आयपीएस अधिकारी होत्या, तिच्यावरून ती मालिका होती. ती बघून किती पोरींनी वर्दीचं स्वप्न धरलं असेल! माझ्या लेकाच्या वहीत ललिताजीच्या पानावर शेरा आहे, 'गोष्ट आहे. बाई हुशार.'

त्याच्या वहीत दोन पानं अशी आहेत की ती आपल्या सगळ्या गटांनी वाचावीत. एक लिज्जत पापडाचं. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी पापड लाटले. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पुढं हजारो बहिणी जोडल्या गेल्या. तिथं लाटणारी बाई मजूर नसते, भागीदार असते. सात जणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आणि त्या जाहिरातीतला तो हसणारा ससा आठवतो का? तो ससा केला आणि बोलका केला आपल्या रामदास पाध्ये यांनी. अर्धवटरावांना बोलवणारे तेच. पुढं 'झपाटलेला' सिनेमातला तात्या विंचूही त्यांचाच. आमच्या घरात पापड तळताना अजून तो ससा हसतो. म्हणजे आमचा थोरला हसतो, अगदी तसाच.

दुसरं पान अमूलचं. १९७६ साली श्याम बेनेगल यांनी 'मंथन' हा सिनेमा काढला, दूध संघाच्या उभारणीवरचा. त्याला पैसे दिले गुजरातमधल्या पाच लाख शेतकऱ्यांनी, प्रत्येकी दोन रुपये. दोन रुपये! आपण आठवड्याला गटात टाकतो त्याहून कमी. त्या सिनेमाचं गाणं पुढं अमूलनं टीव्हीच्या जाहिरातीत घेतलं आणि दूध घालायला निघालेल्या बायका घराघरांत दिसल्या. २०२४ साली तो सिनेमा नीट करून फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला. पाच लाख जणांच्या दोन-दोन रुपयांचं ते काम पन्नास वर्षं टिकलं.

आता त्याच्या सर्वांत आवडत्या जाहिरातींकडे येते. त्या आहेत न बोलणाऱ्या. फेविकॉलची बसची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. राजस्थानचा वाळूचा रस्ता. खड्ड्यांतून एक बस हेलकावत चाललीय. टपावर माणसं, खिडक्यांना माणसं, मागं माणसं, मधमाशांच्या पोळ्यासारखी. बस केवढी हादरते, पण एकही माणूस पडत नाही. बस पुढं गेली की मागच्या बाजूला कंपनीचं नाव दिसतं. संपली. एक शब्द नाही. तशीच ती कोंबडी, डिंकाच्या डब्यातून दाणे टिपते आणि मग तिचं अंडं ढाब्यावरच्या आचाऱ्याला काही केल्या फुटत नाही. ही कामं पियूष पांडे, त्यांचे भाऊ प्रसून पांडे आणि त्यांच्या सोबत्यांची. पियूष पांडे जयपूरचे. गायिका इला अरुण त्यांच्या बहीण. १९८२ साली ते जाहिरात कंपनीत लागले. तेव्हा मोठ्या शहरांतल्या जाहिराती इंग्रजीत सुचायच्या आणि मग हिंदीत उतरवल्या जायच्या. पांडे यांनी सुतार, आचारी, ट्रकवाला, गावची बस पडद्यावर आणली. पोलिओच्या दोन थेंबांची मोहीमही त्यांचीच. त्यात अमिताभ बच्चन चक्क रागावून विचारतात की पोराला डोस का पाजला नाही. मार्च २०१४ मध्ये आपल्या देशातून पोलिओ गेल्याचं जाहीर झालं. ते काम अंगणवाडीताईंनी, आशाताईंनी, आरोग्य सेविकांनी दारोदार हिंडून केलं, पण आईला बूथपर्यंत यायला लावण्यात त्या जाहिरातीचाही हातभार होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये पांडे गेले. बातमी ऐकून आमच्या पोरानं तिसऱ्या वहीचं एक पान कोरं सोडलं. का ते मी विचारलं नाही.

न बोलणाऱ्या जाहिराती त्याला का आवडतात, हे मला समजायला उशीर झाला. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "लोक बोलतात एक, तोंड करतात दुसरं. जाहिरातीत तसं नसतं." विचार करून बघा. आपल्या दारात पाहुणे येतात, 'काही नको' म्हणतात आणि चहाची वाट बघतात. हे आपल्याला लहानपणापासून कळतं. त्याला ते कळायला फार कष्ट पडतात. तीस सेकंदांच्या जाहिरातीत मात्र सगळं लखलखीत असतं. माणूस दुःखी असेल तर दुःखी दिसतो, शेवटी काय झालं ते कळतं, आणि उद्या पुन्हा बघितलं तरी तेच होतं. त्याच्यासाठी ती उजळणी होती. माणसांची.

२००९ साली आयपीएलच्या वेळी मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पांढरी, गोल डोक्याची झूझू आली होती. सगळ्यांना वाटलं ती संगणकावर काढलेली चित्रं आहेत. ती खरी माणसं होती, पांढरा पोशाख चढवलेली, आणि त्यातल्या बऱ्याच बाया होत्या. दक्षिण आफ्रिकेत ते चित्रण झालं. हे कळल्यावर आमचा पोरगा कितीतरी दिवस सांगत होता, "आत माणूस आहे. आत माणूस आहे." मी तेव्हा हसले होते. आता तेच वाक्य मी लोकांना त्याच्याबद्दल सांगते.

आता जरा अवघड भाग. तो लहान असताना दिवसभर जाहिरातींतली वाक्यं म्हणायचा. पाणी हवं असलं की सरबताच्या जाहिरातीतलं वाक्य. बाहेर जायचं असलं की चपलेच्या जाहिरातीतलं. 'आई, पाणी दे' असं कधी नाही. लोक म्हणायचे, पोपटपंची आहे, टीव्हीनं पोर वाया गेलं. एका शिकल्यासवरल्या माणसानं मला बजावलं, टीव्ही बंद करा म्हणजे बोलायला लागेल. मी टीव्हीवर चादर टाकली. जवळजवळ वर्षभर. तो नऊ वर्षांचा होता. त्या वर्षात त्यानं एकदा दोन दिवस सारखी एका मलमाच्या जाहिरातीतली ओळ धरली. डोकं दुखतंय, मलम लाव, असं काहीसं ते वाक्य. मला वाटलं, टीव्हीसाठी हट्ट करतोय. रागावले. एक धपाटाही दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी उशीवर पू दिसला. कान फुटला होता. दोन दिवस तो मला सांगत होता, त्याच्याजवळ जी भाषा होती त्या भाषेत. मैत्रिणींनो, तो धपाटा माझ्या हाताला अजून लागतो.

पुढं मला कळलं की याचाही इतिहास आहे. १९४३ साली अमेरिकेतल्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला नाव दिलं. ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणण्याची सवय त्यांनीही टिपली होती. पुष्कळ वर्षं ते बोलणं निरर्थकच समजलं गेलं, थांबवायला हवं असं मानलं गेलं. १९८० च्या दशकात बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी मुलं बारकाईनं पाहून दाखवलं की या परत म्हणण्यात मागणं असतं, नकार असतो, दुखणं असतं, स्वतःला शांत करणं असतं. ऐकणाऱ्यानं फक्त ते वाक्य कुठून आलं हे ओळखायचं असतं. अमेरिकेतला ओवेन सस्काइंड नावाचा मुलगा कार्टून सिनेमांतल्या संवादांच्या आधारे आईबापाशी पुन्हा बोलू लागला. त्याच्या वडिलांनी २०१४ साली त्यावर पुस्तक लिहिलं, पुढं माहितीपटही निघाला. आमच्या पोराचं तेच होतं. त्याची मुळाक्षरं जाहिरातीत होती.

आणि दोष कुणाला लागला? आईला. सासरी-माहेरी लागतो तो वेगळा. पुस्तकांतून सुद्धा लागला. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत मोठेमोठे विद्वान सांगत होते की आई मायेला थंड असली की मूल स्वमग्न होतं. अशा आयांना 'फ्रिजसारख्या आया' म्हणत. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली याच अंगानं मोठं पुस्तक लिहिलं. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड यांनी त्याचं खंडन केलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे बापही होते. मूळ कारण शरीरात, मेंदूत आहे, आईच्या मायेत नाही, हे त्यांनी मांडलं. १९७७ साली इंग्लंडमध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला आणि यात अनुवंशाचा मोठा भाग आहे हे दिसलं. मी गरोदरपणी ग्रहण बघितलं नव्हतं, आणि बघितलं असतं तरी त्यानं काही झालं नसतं. तुमच्या गावात अशी एखादी आई असेल तर तिला एवढं एक वाक्य जाऊन सांगा.

कान फुटल्यावर मी चादर काढली. त्याच्याशेजारी बसून जाहिराती बघायला लागले. कोणतं वाक्य कुठलं, ते मी एका कागदावर लिहीत गेले. हळूहळू मी विचारायची, "पाणी हवंय का?" तो म्हणायचा, "पाणी हवंय." तेरा-चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याची स्वतःची वाक्यं आली. तशी सगळीच वाक्यं त्यानं जाहिरातीतून घेतली नाहीत. काही माझीही घेतली, त्यात माझ्या शिव्याही आहेत.

म्हणून जाहिराती चांगल्याच असतात असं मी म्हणत नाही. तोही म्हणत नाही. गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात लागली की तो विचारायचा, "मुलगी तीच आहे. मग आता नोकरी का मिळाली?" याचं उत्तर आहे का आपल्याकडे? ते क्रीम १९७५ पासून बाजारात आहे. काळ्या-सावळ्या पोरींना त्यानं किती वर्षं कमी लेखलं! २०२० साली लोकांनी फार टीका केली तेव्हा कुठं नावातला गोरेपणा निघाला. उलट एक जाहिरात त्याला फार प्रिय आहे. नव्वदच्या दशकात चॉकलेटच्या जाहिरातीत फलंदाज षटकार मारतो आणि त्याची मैत्रीण मैदानात नाचत धावते. २०२१ साली तीच जाहिरात पुन्हा केली, तर बॅट मुलीच्या हातात आणि नाचत येतो तो मुलगा. आमचा पोरगा दोन्ही मोबाइलवर पाठोपाठ लावतो आणि म्हणतो, "उलटं केलं. बरोबर बसलं."

नियमही त्याला पाठ आहेत. टीव्हीवर एका तासात बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवू नयेत असा नियम आहे. तो घड्याळ लावून मोजतो आणि जास्त झाल्या की लाल पेनानं लिहितो. खोट्या, फसव्या जाहिरातींवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दंड आहे. गुडघेदुखी आठ दिवसांत गायब, महिन्यात उंची वाढते, घरबसल्या दुप्पट पैसे, असं काही बघून फसला असाल तर १९१५ या क्रमांकावर फोन करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे ती.

आता आपल्या गटाचं सांगते. आम्ही बारा जणी कांदा-लसूण मसाला करतो. या रेडिओसाठी तीस सेकंदांची जाहिरात करायची ठरली. आम्ही लिहिली. उत्तम दर्जा, माफक दर, घरगुती चव, सर्वत्र उपलब्ध. वाचून दाखवली. थोरल्यानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "अठ्ठेचाळीस सेकंद. गोष्ट नाही. यादी आहे." अध्यक्षबाई जरा रागावल्या. मग म्हणाल्या, "बरं बाळा, मग गोष्ट काय ते तू सांग." तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "शिंक."

त्यानं सांगितलं तशी आम्ही केली. आधी डंकाचा आवाज. मग एक बाई शिंकते. मग शेजारीण शिंकते. मग लांबून एसटीची घंटी आणि कंडक्टर शिंकतो. मग एक म्हातारी म्हणते, "कुटला वाटतं गं मसाला!" आणि गटाचं नाव. सत्तावीस सेकंद. ध्वनिमुद्रणाच्या वेळी शिंका फार मोठ्या झाल्या तेव्हा तो कान झाकून बाहेर गेला, मग त्याच्यासाठी आम्ही त्या हळू केल्या. ऐकायलाही त्या हळूच बऱ्या वाटल्या. विक्री किती वाढली ते आत्ता विचारू नका, हिशेब दिवाळीनंतर होईल. पण आठवडी बाजारात लोक मला बघून शिंकतात हे खरं.

आईला पुढची काळजी असतेच. मी गेल्यावर याच्या वह्यांत कोण लक्ष घालणार? यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. पण जे करता येतं ते केलंय, ते तुम्हालाही सांगते. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत ते स्पष्ट लिहिलं गेलं. तेव्हा प्रमाणपत्र मागायचा हक्क आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या, दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढा. राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचाराचा खर्च मिळतो. आणि मूल अठरा वर्षांचं झालं की पालकत्वाचा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीपुढं नेता येतो. आम्ही धाकटीचं नाव पालक म्हणून दिलं. तिनं सही करताना विचारलं, "वह्या पण माझ्याकडेच ना?" थोरला म्हणाला, "वह्या माझ्याकडे. तू पट्टी सांभाळ."

माझी वेळ संपत आली. बाहेर काचेपलीकडे तो घड्याळ धरून उभा आहे. मला पंधरा मिनिटं दिली होती आणि मी ती ओलांडलीत, हे त्याच्या तोंडावरून मलाही कळतंय. तुमच्या घरात, शेजारी, असं एखादं लेकरू एकच गोष्ट सारखी धरून बसत असेल, ट्रॅक्टरची नावं, एसटीचं वेळापत्रक, पंख्याचं फिरणं, तर एकदा त्याच्या शेजारी बसा आणि तेच बघा. आणि आमच्या घरी कधीही या. जाहिरात चालू असताना फक्त बोलू नका.